पाचवा हिस्सा गणंग: एका हॉट एअर पॉपरचं प्रकरण

घरातला हॉट एअर पॉपर, म्हणजे तेलाशिवाय गरम हवेवर पॉपकॉर्न फोडणारं यंत्र, वर्ष-दीड वर्ष छान चालतो. मग लाह्या लहान यायला लागतात. पातेल्यात टणक दाणे खडखडतात आणि खाताना दाताखाली गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, येतात. काही दाणे तर न तापताच यंत्राच्या तोंडातून उडून बाहेर पडतात. यंत्र थकलं असा निष्कर्ष निघतो आणि नव्या पॉपरची चौकशी सुरू होते. ही तक्रार इतकी ठरावीक आहे, की तिचं एक नमुन्याचं प्रकरण घेऊन ते शेवटपर्यंत उलगडून दाखवणं उपयोगाचं आहे. यंत्र बदलण्याआधी तपासण्यासारख्या बहुतेक सगळ्या गोष्टी त्यात येतात.

परिस्थिती अशी. पॉपर 1200 वॉटचा. आतलं भांडं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्याच्या तळाशी भिंतीलगत तिरके झरोके. खालचा पंखा हवा ओढतो, ती कॉइलवरून तापून झरोक्यांतून तिरकी आत शिरते आणि दाणे गोल फिरू लागतात. वर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, त्याला पुढे उतरतं तोंड. यंत्रासोबत आलेला मापाचा कप काठोकाठ भरला की 120 मिलिलिटरचा होतो, म्हणजे साधारण 95 ग्रॅम मका. मका 2 किलोच्या पाकिटातला. पाकीट फोडून चार महिने झालेले, तोंड दुमडून चिमटा लावलेलं आणि जागा शेगडीच्या वरच्या फळीवर. त्यात 1.6 किलो मका उरलेला.

तक्रार सुरू झाल्यावर घरच्यांनी तीन उपाय केले होते. आधी मका निम्म्यावर आणला, कारण थोडा घातला की नीट तापेल असं वाटलं. त्याने उडणारे दाणे वाढले. मग यंत्र जास्त वेळ चालू ठेवलं, तर तळाचे दाणे काळे पडले आणि करपल्याचा वास लाह्यांना लागला. शेवटी कुठेतरी ऐकलेला सल्ला मानून दाणे दहा मिनिटं पाण्यात भिजवले आणि निथळून भाजले. लाह्या फुटल्या, पण आकसलेल्या आणि चिवट. तिन्ही उपाय चुकीच्या दिशेचे होते, आणि ते का चुकले हे समजलं की निम्मं निदान होऊन जातं.

आधी गणंग पाहायचे

न फुटलेले दाणे आपण एकत्रच फेकून देतो. त्याऐवजी ते वेगळे करून पाहिले तर कारण तिथेच लिहिलेलं सापडतं. या प्रकरणात 50 ग्रॅम मका नेहमीसारखा भाजला आणि लाह्या मोजपात्राने मोजल्या. सव्वा लिटर भरल्या. चांगल्या मक्याच्या 50 ग्रॅममधून पावणेदोन ते दोन लिटर लाह्या मिळायला हव्यात. उरलेले दाणे काट्यावर ठेवले तर साधारण 10 ग्रॅम, म्हणजे घातलेल्या मक्याचा पाचवा हिस्सा.

मग त्यांचे ढीग केले. पहिल्या ढिगात पातेल्यात सापडलेले पिवळेधमक, चकचकीत दाणे. भाजण्याची कुठलीच खूण त्यांच्यावर नव्हती. हे पुरेसे तापायच्या आधीच उडाले. दुसऱ्या ढिगात यंत्राच्या तळाशी राहिलेले तपकिरी, टणक दाणे. त्यांतल्या काहींच्या सालीवर केसाएवढी चीर. हे पुरेसे तापले, पण आत दाब तयार झाला नाही किंवा तो टिकला नाही. तिसरा ढीग लहान होता: अर्धवट फुटलेले, एका बाजूने थोडं पांढरं डोकावणारे दाणे. हेही दुसऱ्या ढिगाच्याच कुळातले, कमी दाबाचे.

दोन मोठे ढीग साधारण सारखेच भरले, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकच कारण असतं तर एकाच जातीचे गणंग उरले असते. इथे दोन वेगवेगळे दोष एकाच पातेल्यात येऊन पडत होते, म्हणून एकेक उपाय करून पाहणाऱ्याला कशानेच पूर्ण गुण येत नव्हता.

दाणा फुटतो कसा

पॉपकॉर्नच्या मक्याची साल टणक आणि जवळपास हवाबंद असते. आत घट्ट स्टार्च आणि त्यात मुरलेला ओलावा. दाणा तापतो तसं आतलं पाणी 100 अंशांच्या पुढे जातं, पण सालीच्या बंदिस्तपणामुळे त्याला वाफ होऊन पसरता येत नाही. 180 अंश सेल्सियसच्या आसपास आतला दाब वातावरणाच्या नऊ-दहा पटींवर पोहोचतो, मऊ झालेला स्टार्च साल फाडून बाहेर येतो, फेसासारखा फुगतो आणि लगेच थंड होऊन घट्ट बसतो. साध्या मक्याची किंवा स्वीट कॉर्नची साल हा दाब धरत नाही, म्हणून त्यांच्या अशा लाह्या होत नाहीत.

या हिशेबात ओलाव्याला फार थोडी मोकळीक आहे. वजनाच्या 13.5 ते 14.5 टक्के पाणी असेल तर लाही सर्वांत मोठी होते. 12 टक्क्यांच्या खाली दाब अपुरा पडतो, लाही लहान होते आणि गणंग वाढतात. ओलावा जास्त झाला तर साल मऊ पडून दाब पुरता वाढण्याआधीच फाटते आणि लाही आकसलेली, चिवट निघते. पाण्यात भिजवलेल्या दाण्यांचं नेमकं हेच झालं. दहा मिनिटांत पाणी सालीत आणि देठाकडच्या टोकात शिरतं, गाभ्यात पोहोचत नाही. म्हणजे साल ओली आणि आतला स्टार्च मात्र कोरडाच.

तापमानाची मोकळीकही अशीच अरुंद. फ्रान्समधल्या इमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या दोन अभियंत्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 170 अंशांना सुमारे एक तृतीयांश दाणे फुटले, तर 180 अंशांना 96 टक्के. दहा अंशांत एवढा फरक. पॉपरमधली हवा थोडी जरी कमी तापली तरी गणंगांचा ढीग का वाढतो ते यावरून कळतं.

यंत्र दोषी की मका

हे ठरवायला चार घाणे पुरतात, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुना मका आणि नुकतंच फोडलेलं सीलबंद पाकीट. 50 ग्रॅम आणि मापाचा पूर्ण कप. यांच्या चार जोड्या होतात. दोन घाण्यांमध्ये यंत्र पूर्ण गार होऊ द्यायचं, नाहीतर दुसऱ्या घाण्याचा निकाल पहिल्याच्या उष्णतेने बिघडतो.

ताज्या मक्याचे 50 ग्रॅम घातले तर लाह्या टपोऱ्या झाल्या, तळाशी तपकिरी दाणे जवळपास उरलेच नाहीत, पण चकचकीत दाणे पूर्वीइतकेच उडाले. ताज्या मक्याचा पूर्ण कप घातला तर उडणंही जवळजवळ थांबलं, आणि लाह्या चार लिटरच्या जवळ गेल्या. जुन्या मक्याच्या पूर्ण कपात उडणारे दाणे कमी झाले, तपकिरी मात्र तसेच राहिले. जुने 50 ग्रॅम म्हणजे मूळची तक्रार. एवढ्यावर निदान पक्कं झालं: तपकिरी गणंग वाळलेल्या मक्याचे, चकचकीत गणंग अर्ध्या मापाचे, आणि यंत्र निर्दोष.

हाताशी ताजं पाकीट नसेल तर दुसरी एक परीक्षा आहे. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल तापवून मूठभर जुने दाणे झाकण ठेवून फोडायचे. तिथेही गणंग भरपूर उरले तर मका वाळलेला आहे. मात्र तेलातली परीक्षा थोडी उदार असते. तेल दाण्याला चारी बाजूंनी लगडतं आणि त्याला हवेपेक्षा लवकर तापवतं, त्यामुळे काठावरचा मका तेलात पास होऊन पॉपरमध्ये नापास होऊ शकतो. पातेल्यात बऱ्या फुटल्या एवढ्यावरून पॉपरला दोष देऊ नये.

अर्धं माप का नडतं

थोडा मका घातला तर काम सोपं होईल, हा तर्क तेलाच्या कढईत बरोबर ठरतो. हवेच्या पॉपरमध्ये तो उलटा पडतो. इथे दाण्यांचं वजन हेच त्यांना आत धरून ठेवतं. पूर्ण माप असलं की तळाशी जाड थर बसतो आणि तो संथ, एकसंध गोल फिरतो. हवेला त्यातून वाट काढावी लागते, तिचा वेग मरतो आणि उष्णता दाण्यांत उतरते. माप निम्मं केलं की थर पातळ होतो, हवा जोरात वर निसटते, दाणे भिंतीवर चढतात आणि पहिली लाही फुटताच तिच्या धक्क्याने शेजारचे दोन-चार कोरे दाणे तोंडाबाहेर जातात. पूर्ण मापात आधी फुटलेल्या लाह्या दाण्यांवर थर धरतात आणि त्यांना खाली दाबून ठेवतात. निम्म्या मापात तो थर बनायच्या आतच बाहेर फेकला जातो.

मापाहून जास्त मकाही नको. या यंत्रात 130 ग्रॅम घातले असते तर थर फिरलाच नसता, झरोक्यांसमोरचे दाणे जागच्या जागी करपले असते आणि लाह्यांचा बोळा तोंडात अडकला असता. हे कानाला कळतं. दाणे फिरत असताना सारखी सळसळ येते. ती थांबून नुसती पंख्याची घरघर राहिली की थर अडकला. अशा वेळी ताबडतोब प्लग काढावा.

दाण्याचा आकारही इथे हिशेबात धरावा लागतो. व्यापारात पॉपकॉर्नचे दाणे 10 ग्रॅममध्ये किती भरतात यावर प्रतवारी होते: 52 ते 67 मोठे, 68 ते 75 मध्यम, 76 ते 105 लहान. लहान दाणा हलका, म्हणून तो जास्त उडतो. या प्रकरणातला मका मध्यम होता. पूर्ण मापात सुमारे 700 दाणे. हवेच्या पॉपरसाठी निवड करायची असेल तर मोठा किंवा मध्यम दाणा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पूर्ण माप घालूनही सुरुवातीच्या मिनिटात काही दाणे उडतातच. दाणे अजून थंड आणि वर लाह्यांचा थर नाही, अशी ती वेळ. तेव्हा यंत्र किंचित मागे, तोंड वर होईल इतकं कलतं धरलं तर फरक पडतो. हातात जाड मोजा घालून बुडाकडच्या बाजूला धरावं, झाकणाला नाही, आणि खालच्या हवेच्या जाळीवर हात येऊ देऊ नये. लाह्या फुटू लागल्या की यंत्र सरळ ठेवावं. यंत्राच्या पुस्तिकेत ते हलवू नका असं लिहिलेलं असेल तर हा मार्ग सोडून द्यावा आणि उडालेले दहा-वीस दाणे मान्य करावेत.

वाळलेला मका ओला करणं

शेगडीवरच्या फळीवर चार महिने, अर्धवट बंद पाकिटात. मका वाळण्यासाठी याहून चांगली सोय करता आली नसती. तरी असा मका फेकून देण्याची गरज नाही. ओलावा परत देता येतो, फक्त मोजून आणि सावकाश.

किती पाणी द्यायचं हा खरा प्रश्न, कारण घरी ओलावा मोजता येत नाही. अख्ख्या मक्याचा ओलावा भट्टीत मोजायचा तर 103 अंशांना 72 तास लागतात. त्यापेक्षा लाह्यांनाच मोजपट्टी करावी. चार काचेच्या बरण्यांत प्रत्येकी 200 ग्रॅम मका घेतला. त्यांत अनुक्रमे 2, 4, 6 आणि 8 मिलिलिटर पाणी घातलं. एवढं थोडं पाणी चमच्याने नीट मोजलं जात नाही आणि स्वयंपाकघरातला काटाही तिथे डळमळतो, म्हणून औषधाची बिनसुईची सिरिंज वापरावी. बरण्या दोन तृतीयांशाहून जास्त भरू नयेत, हलवायला जागा हवी. झाकण घट्ट लावून पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी हलवायच्या, नंतर सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी प्रत्येक बरणीतून पूर्ण माप भाजून लाह्या मोजायच्या.

वजनाच्या 1 टक्का पाणी घातलं की ओलावा साधारण 0.85 ते 0.9 टक्क्याने वाढतो. मका 11.5 टक्क्यांवर आला असेल तर चार बरण्या 12.4, 13.2, 14.1 आणि 14.9 टक्क्यांवर पोहोचतात. इथे तिसऱ्या बरणीच्या लाह्या सर्वांत जास्त भरल्या. चौथीच्या थोड्या कमी आणि जराशा चिवट झाल्या. चौथी बरणी वायफळ वाटते, पण तिच्याशिवाय तिसरी हीच शिखर आहे हे कळलं नसतं. आणखी पाणी घालून बघायचा मोह तसाच राहिला असता. बाकी राहिलेल्या 600 ग्रॅम मक्याला मग त्याच प्रमाणात, 3 टक्क्यांनी, 18 मिलिलिटर पाणी दिलं. पहिल्या दोन बरण्यांतल्या उरलेल्या मक्यालाही कमी पडलेलं पाणी त्याच हिशेबाने घालता येतं.

घाई इथे नडते. पहिल्याच दिवशी साल ओलसर आणि गाभा कोरडा असतो, तेव्हा केलेली परीक्षा भिजवलेल्या दाण्यांसारखीच फसते. दुसरी काळजी बुरशीची. चोवीस तासांनंतरही काचेवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर पाणी जास्त झालं. मका ताटात पसरून थोडा वेळ वाऱ्यावर ठेवावा. कुबट वास आला किंवा दाण्यांच्या टोकांवर पांढरट-हिरवट काही दिसलं तर ती बरणी पूर्ण फेकावी, धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नये. ओलावा दिलेला मका काही आठवड्यांत संपवणं बरं.

पूर्वीची गोडी मात्र शंभर टक्के परत येत नाही. वाळताना काही दाण्यांच्या सालीला बारीक भेगा पडतात आणि भेग गेलेल्या सालीत पाणी घालून दाब टिकत नाही. या प्रकरणात पूर्ण मापाच्या लाह्या साडेतीन लिटरपर्यंत आल्या आणि गणंग 3-4 ग्रॅमवर उतरले. ताज्या मक्याचे चार लिटर त्यातून निघाले नाहीत. आणि ताज्यातही थोडे गणंग राहणारच. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं, की सालीतलं सेल्युलोज तापल्यावर किती सुबक स्फटिकरूप धरतं यावर ती ओलावा किती रोखते हे अवलंबून असतं. ही रचना वाणागणिक बदलते. शंभरात दोन-चार दाणे उरले तर त्यासाठी यंत्र, मका किंवा स्वतःला बोल लावू नये.

यंत्राकडे तरीही एक नजर

निदान मक्यावर आणि मापावर आलं असलं तरी झरोके तपासून घेणं भाग होतं. फुटलेल्या सालींची पातळ फोलपटं झरोक्यांत अडकतात आणि हवेची वाट अरुंद करतात. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर ते उलटं करून हलकेच झटकायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने झरोके साफ करायचे. खालची हवा ओढणारी जाळीही पाहायची. तिथे ओट्यावरची धूळ बसते. झाकण आणि माप साबणाने धुता येतं. बुडाचा भाग पाण्याजवळ नेऊ नये, आणि भांड्याला ओलं फडकं लावणंही टाळावं, कारण झरोक्यांतून थेट खाली कॉइल आहे.

विजेचा दाब उतरला तर काय होतं हेही समजून घ्यावं. व्होल्टेज 10 टक्क्यांनी पडलं की कॉइलची उष्णता 19 टक्क्यांनी घटते. पंखाही मंदावतो, त्यामुळे हवेचं तापमान तितक्या प्रमाणात पडत नाही, पण वर पाहिलेले दहा अंश गमवायला तेवढं पुरतं. रोज ठरावीक वेळीच लाह्या बिघडत असतील आणि इतर वेळी चांगल्या होत असतील तर संशय विजेवर घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्डाला मात्र उगाच दोष दिला जातो. 230 व्होल्टवर 1200 वॉटचं यंत्र साधारण सव्वापाच अँपिअर घेतं. दहा मीटर लांब, 0.75 चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरमध्ये त्याने दोन-अडीच व्होल्टच जातात. बोर्डाचा खरा धोका सैल खाचेचा आहे. प्लग काढल्यावर पिना कढत लागल्या तर तो बोर्ड बाजूला ठेवावा.

खोली फार थंड असेल तरी फरक पडतो. कॉइल आत येणाऱ्या हवेत ठरावीक वाढ करते, म्हणून 10 अंशांची हवा आत घेणारा पॉपर 30 अंशांच्या हवेपेक्षा बराच मागे राहतो. या यंत्रात मुळातच उष्णता वाया फार जाते. 95 ग्रॅम दाणे 180 अंशांवर नेणं आणि त्यातल्या पाण्याची वाफ करणं याला मिळून 55 ते 60 किलोज्यूल पुरतात. 1200 वॉटचं यंत्र अडीच मिनिटांत 180 किलोज्यूल ओततं. दोन तृतीयांश उष्णता तोंडातून निघून जाते. उघड्या खिडकीच्या झोतात किंवा पंख्याखाली पॉपर ठेवू नये ते यासाठी. आणि मका फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नये. तिथे तो गारही होतो आणि वाळतोही.

पाहुणे आले की एकापाठोपाठ घाणे काढले जातात आणि तिसऱ्या घाण्याला लाह्या रुसतात, ही वेगळी तक्रार पण लक्षणं सारखी. भांड्याजवळचा थर्मोस्टॅट जास्त तापला की कॉइल बंद करतो, पंखा मात्र चालूच राहतो. दाणे फिरताना दिसतात, आवाज नेहमीचा, पण तोंडातून येणारी हवा कोमट. अशा कोमट वाऱ्यात दाणे फुटत नाहीत, नुसते वाळतात, आणि थर्मोस्टॅट पुन्हा चालू झाल्यावर त्यांच्यात दाब धरण्यापुरतं पाणी उरलेलं नसतं. दोन घाण्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. गार यंत्रातही हवा तापतच नसेल तर थर्मल फ्यूज किंवा मुख्य कॉइल गेली आहे. पंखाही हलत नसेल, तर बऱ्याच पॉपरमध्ये मोटर कॉइलच्याच एका लहान तुकड्यातून वीज घेते, तो तुकडा तुटला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही कामं दुरुस्ती करणाऱ्याची आहेत.

सुधारलेला घाणा

सपाट ओट्यावर यंत्र, तोंडाखाली पाच-सहा लिटरचं पसरट पातेलं, तोंड आणि काठ यांत थोडी मोकळी जागा. पातेलं तोंडाला चिकटून लावलं तर वाफ आत कोंडते आणि लाह्या मऊ पडतात. काट्यावर 95 ग्रॅम मका. भांड्यात फक्त मका. तेल, लोणी, मीठ, साखर काहीही नाही. ते झरोक्यांतून कॉइलवर गळतं, धूर होतो आणि आग लागू शकते. झाकण बसवून मग प्लग लावायचा. अनेक पॉपरना वेगळं बटण नसतं, प्लग लावला की यंत्र सुरू होतं.

पहिली लाही मिनिट-सव्वा मिनिटात फुटते. दोन मिनिटांच्या सुमारास धबधबा लागतो. दोन लाह्यांमधलं अंतर दोन-तीन सेकंदांवर गेलं की प्लग काढायचा. तीन-चार गणंगांसाठी आणखी मिनिटभर थांबणं परवडत नाही, करपलेल्या एका दाण्याचा वास सगळ्या घाण्याला लागतो. भांड्यात अडकलेल्या लाह्या झाकण धरून, यंत्र पुढे कलवून पातेल्यात ओतायच्या. झाकण आणि आतून येणारी वाफ दोन्ही चटका देणारी असतात, मोजा काढू नये.

पातेलं दोन-चार वेळा हलवलं की गणंग तळाशी बसतात. लाह्या वरून हातांनी दुसऱ्या भांड्यात काढून घ्याव्यात, मीठ-तेलाच्या आधी. एकदा स्निग्धपणा लागला की गणंग लाह्यांना चिकटून राहतात. हवेवर फुटलेल्या लाहीचा पृष्ठभाग कोरडा असतो, मीठ त्यावरून घरंगळून तळाशी जातं. म्हणून आधी स्निग्ध पदार्थ, मग मीठ. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं आणि ते लागलेली लाही तिथल्या तिथे आकसते. तूप किंवा तेल घ्यावं. एवढ्या लाह्यांना दोन मोठे चमचे, बारीक धारेने, एका हाताने ओतत दुसऱ्याने ढवळत. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून अर्धा लहान चमचा. जाड मीठ दुप्पट घातलं तरी चव अर्धीच लागते.

तळाचे गणंग निवडताना चकचकीत, न भाजलेले दाणे वेगळे काढून पुढच्या घाण्यात पूर्ण मापाचाच भाग म्हणून घालता येतात. तपकिरी आणि चिरलेले टाकून द्यायचे, ते कितीही भाजले तरी फुटत नाहीत. उरलेला मका या घरात आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, शेगडीपासून लांबच्या कपाटात असतो. पुढची पाकिटं 500 ग्रॅमची घ्यायची ठरली आहेत, कारण 2 किलो मका संपेपर्यंत तो ओलसर राखणं हे बरणीलाही जड जातं.